मागची खिडकी आणि अण्णांची छत्री

कॅमेऱ्याची बॅग अधूनमधून उलटी करून झटकावी लागते. आतून काय निघेल याचा नेम नसतो. कुठल्याच लेन्सला न बसणारं झाकण, बिस्किटांचा चुरा, ओल धरू नये म्हणून ठेवलेल्या त्या पांढऱ्या पुड्या, कुणाचा तरी एक मोजा! आपण मुद्दाम काही ठेवलेलं नसतं, पण साठत जातं. आमच्या ग्रूपचे किस्सेही असेच साठलेत. परवा बॅग साफ करायला बसले आणि दुपार गेली तरी बॅग तशीच. एकेक वस्तू हातात घ्यायची आणि एकटीनेच हसत बसायचं, दुसरं काय!

ग्रूप म्हणजे फार मोठं प्रकरण नव्हे. आम्ही चार-पाच मराठी टाळकी. रविवारी सकाळी मल्लेश्वरममध्ये अण्णांच्या घरी जमायचं, समोरच्या चष्म्याच्या दुकानाच्या पायऱ्यांवर बसून कॉफी प्यायची (दुकान उशिरा उघडायचं, म्हणून पायऱ्या आमच्या), आणि मग गळ्यात कॅमेरे अडकवून कुठेतरी जायचं.

अण्णांचा जन्म बेंगळूरचा. इथल्याच एका सरकारी कारखान्यात, भिंगं आणि दुर्बिणी बनवायच्या खात्यात इंजिनियर म्हणून रिटायर झाले. मराठी घरंदाज, पण मधूनमधून कन्नड शिंपडलेली. त्यांची एक खासियत होती. कुणी काहीही म्हटलं की ते आधी "सरी" म्हणायचे, म्हणजे "ठीक आहे". आणि लगेच पुढे "पण"! डॉक्टरांनाही "सरी, पण" आणि रिक्षावाल्यालाही "सरी, पण". 'पण'शिवायचं 'सरी' त्यांच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या अक्कांनीही नाही!

* * *

मी नागपूरची. आयटीत टेस्टिंग करते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. बेंगळूरला आले तेव्हा इथे माझं कुणी नव्हतं. दिवसभर ऑफिसात हिंदी-इंग्लिश, आणि मराठी बोलायला फक्त फोन. आई रोज म्हणायची, "एखादा नीट फोटो पाठव ना गं. बरी आहेस का, बघू दे मला."

म्हणून मी सेकंडहँड डीएसएलआर घेतला, ट्रायपॉड घेतला आणि एका सकाळी होसकोट्याच्या तलावावर गेले. टायमर लावायचा, पळत पुढे जायचं, उभं राहून हसायचं. फोटो बघावा तर मी काळीठिक्कर! परत पळायचं, परत हसायचं, परत काळीठिक्कर. माझा पारा चढायला तसाही वेळ लागत नाही. मी त्या कॅमेऱ्याचा अस्सल वैदर्भीय मराठीत उद्धार केला आणि पुन्हा पळत पुढे गेले.

वळून बघते तर पांढऱ्या शर्टातला एक म्हातारा माणूस माझ्या कॅमेऱ्यामागे काळी छत्री उघडून उभा!

"ओ अंकल! कॅमेरा छोड़िए!" मी ओरडले.

"मी हात पण लावला नाही," पलीकडून शांत मराठीत उत्तर आलं. "मागची खिडकी उघडी आहे तुझी. मी सावली धरतो, तू हस बघू."

मी हसले. फोटो लख्ख आला!

मग त्यांनी समजावून सांगितलं. आपण डोळा लावून फोटो काढतो, तेव्हा मागची काच आपल्याच डोळ्याने झाकलेली असते. टायमर लावून आपण पुढे पळालो की ती उघडी. पाठीमागून ऊन आत शिरतं, कॅमेऱ्याला वाटतं समोर भरपूर उजेड आहे, आणि तो बिचारा फोटो काळा करून ठेवतो. "आणि शटर जास्त वेळ उघडं ठेवलंस ना, तर तोच उजेड फोटोवर जांभळा पट्टा ओढतो. लीक म्हणतात त्याला. म्हणून स्वल्प पण उजेड मागून जाता कामा नये!"

"अहो, आधी खायला घाला तिला," बाजूच्या चटईवरून एक बाई म्हणाल्या. "उजेडाचं मग सांगा." त्या अक्का. त्यांनी डब्याच्या झाकणात चित्रान्न, म्हणजे लिंबूभात, वाढून माझ्या हातात दिलं. आधणात तांदूळ टाकताना आपण येणार हे यांना माहीत होतं की काय, असं वाटावं इतकं वाढलं. बेंगळूरात कुणी मला 'जेवलीस का' म्हणायच्या आधीच जेवायला वाढलं, ते पहिल्यांदा त्या दिवशी. ते चित्रान्न मी अजून विसरलेले नाही.

फोटो आईला पाठवला. लगेच फोन आला. "छान दिसतेस गं. कुणी काढला?"

"मीच. टायमर लावून."

"मग एवढी हसून बघतेयस कुणाकडे?"

* * *

आमच्यातले कुलकर्णी मूळचे मुंबईचे, बँकेत मॅनेजर. माणूस सोन्यासारखा, पण वस्तू हरवण्यात हातखंडा. त्यांचा आणि माझा कॅमेरा एकाच कंपनीचा. अण्णांनी एकदा सगळ्यांची तपासणी घेतली. "पट्ट्यावर एक चौकोनी रबर असतं बघा. ते मागच्या खिडकीचं झाकण. दाखवा."

माझ्या सेकंडहँड कॅमेऱ्याला कंपनीचा पट्टाच नव्हता. कुलकर्ण्यांचा पट्टा होता, रबर नव्हतं.

"ते होय? ते मला वाटलं पॅकिंगचं काहीतरी आहे. छातीला टोचायचं म्हणून कापून टाकलं."

"टाकलंत कुठे?"

कुलकर्णी विचारात पडले. संध्याकाळी त्यांच्या घरी फोन केल्यावर खुलासा झाला. त्यांच्या मिक्सरचा एक पाय तुटला होता. वहिनींना ओट्यावर ते रबर सापडलं, आणि बरोब्बर बसलं!

अण्णा रबर मागायला स्वतः गेले. वहिनींनी चहा दिला, पोहे दिले, रबर दिलं नाही. "अण्णा, तुमचा फोटो आठवड्यातून एकदा, माझी चटणी रोज!"

"सरी," अण्णा म्हणाले, "पण मिक्सरला लीकचा काय त्रास आहे?"

तेव्हापासून आमच्या ग्रूपमध्ये छत्रीची पद्धत पडली. कुणीही ट्रायपॉड लावला की एकाने मागे सावली धरायची. कुणी टोपी धरायचं, कुणी ओढणी. पण अण्णा हजर असले की दुसऱ्या कुणाला चान्सच नाही. सावली धरताना त्यांची नजर त्या इवल्याशा काचेवरून हलायची नाही. गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसे बघायचे!

मी एकदा म्हटलं, "अण्णा, बाजारात तसलं झाकण नवं मिळतं. मागवू का? छत्री कशाला हवी?"

"सरी, पण झाकण लावून तू पुढे गेलीस, तर मागे कोण?"

मला वाटलं, हा विनोद आहे. मी हसले. ते हसले नाहीत.

* * *

मग आला मिहिर. पुण्याचा, वय लहान, पगार मोठा, कॅमेरा त्याहून मोठा. पहिल्याच रविवारी म्हणाला, "अण्णा, एवढं सगळं कशाला? मॅन्युअल मोडवर टाकायचं. मग उजेडाचं मीटर गंडतच नाही."

"सरी, पण माप चुकलं नाही तरी पट्टा येतोच की. खिडकी उघडी ती उघडीच."

"मग माझ्यासारखा मिररलेस घ्या! याच्या आत आरसाच नाही. खिडकी नाही, तिच्या जागी छोटा स्क्रीन आहे. मागून उजेड शिरायला वाटच नाही!"

अण्णांनी कॅमेरा हातात घेतला, सगळीकडून फिरवून बघितला, मागच्या काचेत डोकावले, आणि मान डोलावून परत दिला. खात्यातल्या माणसाला चांगलं काम कळतं. वाद घातला नाही.

त्या दिवशी मिहिरने ट्रायपॉड लावला आणि बघतो तर अण्णा मागे छत्री धरून उभे!

"अहो अण्णा, आत्ताच सांगितलं ना? याला लीक होत नाही!"

"सरी, पण ऊन तुझ्या डोक्यावर आहे की!"

मिहिर पुणेरी. तरी हसला आणि छत्रीखाली सरकला. पुढच्या रविवारपासून तो सगळ्यांच्या आधी यायला लागला. अक्कांच्या गॅसचा सिलिंडर बदलणं, माळ्यावरचे डबे काढणं, ही कामं त्याने न सांगता स्वतःकडे घेतली. मला म्हणाला, "वैशाली, इथे सोसायटीत माझ्या बाजूच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं तेपण मला माहीत नाही. आणि हा माणूस माझ्या डोक्यावर छत्री धरून उभा राहतो!"

* * *

इथल्या शिवाजीनगरचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कुलकर्ण्यांना बाजारातल्या गर्दीचा फोटो काढायचा होता. लेन्सवर गडद काच लावायची आणि शटर बराच वेळ उघडं ठेवायचं. मग चालणारी माणसं फोटोतून नाहीशी होतात, आणि जे हलत नाही तेवढंच उरतं. सकाळची वेळ, ऊन नेमकं पाठीमागून. म्हणून अण्णांनी कॅमेऱ्यावर आधी काळा रुमाल टाकला, वर छत्री धरली आणि पुतळ्यासारखे उभे राहिले.

आता बाहेरून हे दृश्य कसं दिसत असेल बघा. तीन पायांवर काहीतरी उभं, त्यावर वस्त्र, वर छत्र, आणि ते छत्र अत्यंत भक्तिभावाने धरून उभा एक पांढऱ्या शर्टातला वृद्ध! लोक बाजूने जाताना आवाज कमी करायला लागले. एकाने चपला काढल्या. तेवढ्यात समोरची फूलवाली उठली, मोगऱ्याचा हातभर गजरा तोडला आणि कॅमेऱ्यावर वाहिला!

कुलकर्णी ओरडणार होते. अण्णांनी डोळ्यांनीच दाबलं. शटर बंद होईपर्यंत ते हलले नाहीत. मग फूलवालीला वाकून नमस्कार केला आणि कन्नडमध्ये म्हणाले, "चांगलं झालं अम्मा. याला गरज होती."

फोटो सुरेख आला. रस्ता रिकामा, लीक नाही, आणि वरच्या कोपऱ्यात लेन्ससमोर लोंबणाऱ्या मोगऱ्याच्या तीन कळ्या. कुलकर्ण्यांना त्या कापून टाकायच्या होत्या. आम्ही कापू दिल्या नाहीत. परवा बॅगेत तळाशी त्या गजऱ्याचा दोरा निघाला, वास गेलेला, पण दोरा शाबूत!

* * *

आता अक्कांच्या भिंतीबद्दल.

अण्णांच्या हॉलमध्ये एक भिंत फोटोंनी भरलेली होती. बदामीला अक्का, जोगला अक्का, उटीला शाल गुंडाळून अक्का, गोव्याला पाण्यात एकच पाऊल टाकून दुसरं बाहेर ठेवलेल्या अक्का. एकूणएक फोटोत अक्का एकट्या! नव्या शेजारीणबाई एकदा चहाला आल्या, भिंत बघून हळूच म्हणाल्या, "तुम्ही एकट्याच फिरता? खरंच हिंमत आहे हो तुमची."

"कसली हिंमत!" अक्का म्हणाल्या. "हे समोर उभे असतात. कॅमेऱ्यामागे!"

अण्णा फोटोत यायचेच नाहीत. कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दिसला की उठून जायचे. मिहिर मोबाइलवर सेल्फी काढायचा, त्यातही अण्णांचा एखादा कान, नाहीतर पाठ. ग्रूप फोटो असला की ते मागे सावली धरायला. अण्णांशिवाय ग्रूप फोटो म्हणजे वर्गशिक्षकांशिवाय वर्गाचा फोटो. पण ऐकतो कोण?

"अहो अण्णा, प्रॉब्लेम काय आहे?" मी एकदा सरळ विचारलं.

ते जरा ओशाळले. "पुढे उभं राहिलं की हातांचं काय करायचं तेच मला कळत नाही."

अक्का आत गेल्या आणि कपाटातून एक फोटो घेऊन आल्या. त्यांच्या लग्नाचा. शेजारी शालूत अक्का, आणि अण्णा दोन्ही हात पाठीमागे बांधून, मान ताठ, नजर छताकडे.

"आमच्या दोघांचा हा एवढा एकच," अक्का म्हणाल्या. "पकडून आणल्यासारखे उभे आहेत! भिंतीवर लावला तर लोक काय म्हणतील?"

आम्ही पोट धरधरून हसलो. अक्काही हसल्या. पण फोटो परत ठेवायच्या आधी त्यांनी पदराने त्याची काच पुसली, ती जरा जास्तच वेळ पुसली.

* * *

या वर्षी अक्कांचे गुडघे अगदीच बोलायला लागले. मुलगी नाशिकला असते. ती दोघांना तिकडेच न्यायच्या हट्टाला पेटली, आणि घर आवरायचं ठरलं. अण्णांनी तिला "सरी, पण" म्हणून पाहिलं. या वेळी अक्कांनी 'पण'च्या पुढचं ऐकून घेतलं नाही.

खरं सांगते, मला ही बातमी ऐकून आधी राग आला. मुलीचा, गुडघ्यांचा, नाशिकचा, सगळ्यांचाच. हक्काचं एक घर या गावात होतं, तेही चाललं. मग अक्कांना डबे बांधायला मदत करायला गेले, तेव्हा भिंतीवरचे फोटो उतरवता उतरवता त्या म्हणाल्या, "वैशाली, हे सगळे इथेच कुणालातरी देऊन टाकते बाई. माझं मलाच किती बघू? तिकडच्या भिंतीवर मला एकच फोटो हवाय. तुम्ही सगळे, मी, आणि हे. हे त्यात असले पाहिजेत. एवढं जमवशील?"

या बाईंनी माझ्याकडे आजवर काही मागितलं नव्हतं. माझ्या तापात पेज घेऊन दोन बस बदलून आल्या होत्या, आणि मी थँक यू म्हटलं तर रागावल्या होत्या. मी म्हटलं, "जमवते."

आम्ही तिघांनी प्लॅन केला. जागा ठरली चष्म्याच्या दुकानाच्या आमच्या पायऱ्या. कॅमेरा माझा, रस्त्यापलीकडे, अण्णांच्या फाटकाशी. मधून रिक्षा-स्कूटर जाणारच, म्हणून मिहिरने गडद काच आणली. अर्धं मिनिट शटर उघडं ठेवलं की सगळी ट्रॅफिक गायब! रिमोट माझ्या हातात, म्हणजे पळापळ नको. राहिली मागची खिडकी. तर कुलकर्णी आले, खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली आणि उघडली. आत ते रबर, स्वच्छ धुतलेलं!

"हिने दिलंय. म्हणाली, मिक्सर हलला तर हलू दे. अण्णांना पुढे उभं करा."

मला तर वहिनींना तिथूनच मिठी मारावीशी वाटली.

* * *

शेवटचा रविवार. दुकान बंद, आत अंधार, बाहेरची मोठी काच अक्कांनी सांगून मिहिरकडून पुसून घेतलेली. अक्का मोरपंखी साडीत. मी ट्रायपॉड लावला, रबर बसवलं आणि अण्णांना हाताला धरून रस्ता ओलांडून आणलं. आश्चर्य म्हणजे ते आले. अक्कांच्या शेजारी उभे राहिले.

आणि हात सुरू झाले! आधी खिशात, मग घडी, मग पाठीमागे.

"पकडून आणल्यासारखे नको हं," अक्का पुटपुटल्या. तसे हात पुढे आले. मग एक कमरेवर गेला आणि तिथे काय करायचं ते न कळून परत आला. घाम फुटला होता त्यांना. तरी उभे होते! मी रिमोट धरला. "रेडी? हलू नका…"

"पडलं!" अण्णा ओरडले.

"काय पडलं?"

"झाकण!"

इतक्या लांबून त्यांना ते कसं दिसलं, देव जाणे. पण खरंच पडलं होतं. मिक्सरखाली चेपून चेपून ते रबर सैल झालं होतं, ते टपकन सुटलं आणि उसळून गटारात गेलं. त्याच वेळी समोरच्या घरांवरून ऊन वर आलं आणि तिरपं थेट कॅमेऱ्याच्या पाठीवर पडलं.

"अण्णा, राहू दे, मी ओढणी बांधते तिथे!" मी म्हणेपर्यंत ते रस्त्यात होते. एका हाताने रिक्षा थांबवली, पलीकडे पोचले, फाटकावरची छत्री काढली, उघडली आणि कॅमेऱ्यामागे उभे राहिले. एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचे हात शांत झाले.

"उभे रहा तुम्ही!" तिकडून आवाज आला. "मी आहे इथे!"

मी अक्कांकडे बघितलं. त्या समोर बघत होत्या. "काढ बाई," त्या म्हणाल्या. "मला सवय आहे." आणि त्यांनी पदर सारखा केला, हनुवटी जरा वर घेतली, इतकी वर्षं घेत आल्या तशी.

मी इतकी चिडले होते की रिमोटचं बटण जवळजवळ ठोकलंच. अर्धं मिनिट फार मोठं असतं. मधून स्कूटर गेल्या, दूधवाला गेला, एक रिक्षा हॉर्न वाजवत गेली. कुलकर्ण्यांना शिंक आली. मिहिरचं नाक वाहत होतं. अक्का हलल्या नाहीत.

* * *

आत खोक्यांच्या मध्ये बसून मिहिरने लॅपटॉपवर फोटो उघडला.

रस्ता साफ रिकामा. पायऱ्यांवर आम्ही. कुलकर्ण्यांच्या शिंकेमुळे त्यांच्या चेहऱ्याचं पीठ झालेलं, मिहिरला दोन नाकं, मी रागाने लाल. मध्ये अक्का, एकेक निरी स्पष्ट. आणि अक्कांच्या खांद्यामागे, दुकानाच्या पुसलेल्या काचेत, अण्णा!

पांढरा शर्ट, काळी छत्री, एक हात दांड्यावर, दुसरा फाटकावर. आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त स्पष्ट. असे ऐटीत उभे, की जन्मभर फोटो काढून घेत आले असावेत!

"अण्णा, आलात की हो फोटोत!" कुलकर्णी ओरडले.

अण्णा वाकून बघत होते. त्यांना स्वतःचं कौतुक नव्हतं. त्यांनी बोट ठेवलं ते फोटोच्या वरच्या भागावर. तिथे एक फिकट जांभळा पट्टा होता.

"लीक," ते म्हणाले. "हा लीक आहे."

अण्णा मागे असताना लीक! मिहिरने काचेतले अण्णा मोठे करून बघितले. छत्री एका बाजूला चांगलीच कलली होती. म्हणजे कॅमेऱ्याची मागची खिडकी उन्हात. आणि अण्णांची मान वर, नजर सरळ रस्त्यापलीकडे.

अक्कांनी चष्मा लावला. पुढे सरकून त्या काचेतल्या माणसाकडे बघत राहिल्या.

"दोन मिनिटांचं काम आहे अक्का," मिहिर म्हणाला. "तो पट्टा पुसून टाकतो. कळणारपण नाही."

"हात लावायचा नाही त्याला," अक्का म्हणाल्या.

"अगं, पण चुकलंय ते," अण्णा म्हणाले. "माझ्या हातून चुकलंय. ऊन आहे अजून, परत काढू या. चला."

"बेडा," अक्का म्हणाल्या. "काही परत काढायला नको. स्वल्प उजेड आला आत, तर काय बिघडलं?"

अण्णांनी लॅपटॉपकडे बघितलं. मग अक्कांकडे.

"सरी," ते म्हणाले.

आम्ही तिघं 'पण'ची वाट बघत राहिलो.